वाचणें आणि वांचणें

भोकरदन तालुक्यांतील धावडा या गांवाहून आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. पत्र लांबलचक आहे, आणि त्यांतील प्रश्न एका घरापुरता नाहीं. म्हणून या महिन्यांत दुसरे विषय बाजूस ठेवून त्याच प्रश्नाचा विचार करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

या भगिनींचें घर एकत्र कुटुंबाचें आहे. मामंजी, सासूबाई, दोन दीर, जावा, मुलेंबाळें, आणि सर्वांच्या वर पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजेसासूबाई. दिवेलागणीला शुभंकरोति व परवचा झाला कीं मुलांना भोंवतीं घेऊन कांहीं तरी मोठ्यानें वाचावें, असा त्या घरचा जुना रिवाज आहे. हल्लीं घरोघरीं संध्याकाळ पडद्यावरच्या चित्रांस वाहिलेली असते. अशा दिवसांत हा रिवाज कोठें तरी टिकून आहे, हें वाचूनच आम्हांला समाधान वाटलें. गेल्या दिवाळीपासून त्यांनीं विश्वास पाटील यांची १९८८ सालीं प्रसिद्ध झालेली 'पानिपत' ही कादंबरी वाचावयास घेतली होती. मुलें रंगून गेलीं होतीं. परंतु कथा जसजशी पौषांतील त्या काळ्या दिवसाकडे सरकूं लागली, तसतशा आजेसासूबाई अस्वस्थ होऊं लागल्या. आणि एके रात्रीं त्यांनीं स्पष्टच सांगितलें कीं, दिव्यासमोर बसून हरलेल्या लढाईची पोथी वाचूं नका. जें भोगायचें तें भोगून झालें, तें पुन्हां घरांत आणूं नका. पुस्तक मिटलें गेलें, तें अद्याप उघडलेलें नाहीं.

आतां घरांत दोन पक्ष पडले आहेत. मामंजींचें म्हणणें, आईचा शब्द मोडावयाचा नाहीं. धाकट्या दिरांचें म्हणणें, मुलांना आपला इतिहास, कडू असला तरी, कळलाच पाहिजे. मुलांचें म्हणणें एवढेंच कीं, पुढें काय झालें तें सांगा. आणि या सर्वांच्या मध्यें सांपडलेल्या आमच्या भगिनी विचारतात, दुर्दिनांच्या कथा घरांत वाचाव्या कीं वाचूं नयेत?

आजीबाईंच्या बोलण्याला जुन्या बायकांचा अपशकुनाचा धाक म्हणून हंसण्यावारीं नेणें आम्हांला रास्त वाटत नाहीं. पत्राच्या शेवटीं, जणूं जातां जातां, एक गोष्ट लिहिली आहे. आजीबाईंचें माहेर याच तालुक्यांतलें. १९४८ सालच्या पावसाळ्यांत त्या नऊ वर्षांच्या होत्या. एके रात्रीं त्यांचें सारें घर बैलगाडींतून सरहद्द ओलांडून बुलढाणा जिल्ह्यांत निघून गेलें. त्या रात्रीविषयीं त्या कधींच बोलत नाहींत. उभ्या आयुष्यांत त्यांनीं एवढेंच सांगितलें आहे कीं, घराबाहेर पडण्यापूर्वी त्यांच्या आईनें चुलीवरचें दूध उतरवून कोमट केलें, त्याला विरजण लावलें, भांडें झांकून फडताळांत ठेवलें, आणि मग कुलूप घालून किल्ली शेजारच्या मुसलमान बाईच्या हातीं दिली.

तो काळ ज्यांस ठाऊक नाहीं अशा तरुण वाचकांसाठीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. आज जालना जिल्हा म्हणून आपण ज्यास ओळखतों, तो १९८१ सालीं निराळा झाला. त्यापूर्वी भोकरदनचा हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यांत होता, आणि औरंगाबाद निजामाच्या राज्यांत. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें नाहीं. नोव्हेंबरांत 'जैसे थे' करार झाला. परंतु प्रजेच्या दृष्टीनें कांहींच जैसें थें राहिलें नाहीं. एकीकडे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसचा लढा, दुसरीकडे कासिम रझवीच्या रझाकारांची दहशत. सरहद्दीलगतच्या गांवांतून कुटुंबेंच्या कुटुंबें बुलढाणा, खानदेश, नगर, सोलापूर या भागांत आश्रयास गेलीं. शेवटीं १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा संस्थानांत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाच्या सैन्यानें शरणागति पत्करली. इतिहासाच्या पुस्तकांत ही सारी हकीकत दोन पानांत आटोपते. तेरा महिन्यांचें दुःख, आणि मग सुटका. वाचणाराला वाटतें, चला, बरें झालें.

परंतु त्या रात्रीं बैलगाडींत बसलेल्या त्या माउलीस १७ सप्टेंबर ठाऊक होता काय? आमच्या मतें सारा प्रश्न येथेंच आहे. इतिहास वाचतांना शेवट आपल्या हातांत असतो. इतिहास जगणाराच्या हातांत तो कधींच नसतो. भर अंधारांत पाऊल टाकतांना पुढें जमीन आहे कीं दरी आहे, हें ज्याला दिसत नाहीं, आणि तरी जो पाऊल टाकतो, त्याच्याच धैर्याला धैर्य म्हणावें. आपण मागाहून दिवा घेऊन जातों आणि म्हणतों, येथें तर सपाट वाट होती! म्हणून, निराशेच्या काळांतील माणसांचें मोल सनावळींतून कळत नाहीं. तें कळण्यासाठीं तो शेवट आपल्या हातांतून कोणी तरी क्षणभर काढून घ्यावा लागतो. चांगली ऐतिहासिक कादंबरी हेंच काम करते.

मराठींत हें काम कोणीं ओळखलें असेल तर तें हरिभाऊ आपट्यांनीं. त्यांच्यापूर्वी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ सालीं पुस्तकरूपानें निघाली होती व वाटेचा पहिला दगड तिनें बसविला होता, हें खरें. पण घराघरांत इतिहास नेऊन बसविला तो 'करमणूक' साप्ताहिकानें. १८९५ पासून १८९७ पर्यंत 'उषःकाल' त्यांत क्रमशः येत होती. हीं वर्षें आठवून पाहावीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, पुढच्या वर्षीं पुण्यानें त्याचा कहर पाहिला, आणि त्यांतच दुष्काळ. अशा दिवसांत वाचणारीं माणसें आठवडाभर थांबून पुढचा अंक हातांत घेत. पुढच्या अंकांत नायकाचें काय होणार हें त्यांना ठाऊक नसे, आणि पुढच्या आठवड्यांत आपल्या आळीचें काय होणार हेंहि ठाऊक नसे. शिवकालीन माणसाची अनिश्चितता आणि आपली अनिश्चितता हीं दोन्हीं एकाच दिव्याखालीं बसत. कादंबरीचें नांवहि पाहावें. सूर्य उगवल्याची ही कथा नव्हे, उजाडावयाच्या आधींच्या वेळेची आहे. बाप विजापूर दरबाराच्या मिठाला जागणारा आणि मुलाचा ओढा नव्या स्वराज्याकडे, असा पेंच एकाच घरांत हरिभाऊंनीं घातला. कारण मोठीं संकटें आधीं घराच्या उंबऱ्यांतच ठेंचाळतात, हें त्यांस माहीत होतें.

येथें एक तक्रारहि नोंदवून ठेवूं. ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणून आपल्याकडे जें पुष्कळ खपतें, त्यांत हा अंधार मुळीं नसतोच. नायकाला भीति ठाऊक नसते, तरवारीला धार लावावी लागत नाहीं, घोड्याला वैरण लागत नाहीं, आणि पहिल्या पानापासून सर्वांना विजयाची खात्री असते. अशा पुस्तकांनीं मुलें आरडाओरड शिकतात, धैर्य शिकत नाहींत. ज्याला भीति वाटली नाहीं त्याच्या धैर्याची गोष्ट ती कसली? उलट त्याच हरिभाऊंनीं अखेरच्या काळांत, १९१३ ते १९१५ या वर्षांत, 'वज्राघात' लिहिली, ती १५६५ सालीं झालेल्या विजयनगरच्या नाशाची. उषःकाल लिहिणाऱ्या लेखकाला संहाराचीहि कथा सांगावीशी वाटली, यांतच त्याची थोरवी आहे. आशा म्हणजे शेवट गोड होण्याची हमी नव्हे.

आतां आपण पानिपताकडेच वळूं. कारण आजीबाईंनीं मिटलेलें पुस्तक तेंच आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे, आणि ज्या घरांतून माणूस गेलें नाहीं असें घर महाराष्ट्रांत उरलें नाहीं, असें म्हणण्याचा प्रघातच पडला आहे. परंतु त्या सायंकाळीं रणांतून पळणाऱ्यांत पुरतीं एकोणीस वर्षेंहि न भरलेला एक तरुण होता. आई त्याच्याबरोबर होती; त्या पळापळींत ती गेली. वेष टाकून, उपाशीपोटीं, पायीं तो वाट तुडवीत राहिला. ही हकीकत त्यानेंच पुढें आपल्या त्रोटक आत्मवृत्तांत लिहून ठेवली आहे. त्याचें नांव नाना फडणीस. त्या रात्रीं त्याला कोणी विचारलें असतें तर, आपण पुढें १८०० सालापर्यंत जगूं आणि मराठी राज्याचा गाडा आपल्या बुद्धीवर ओढूं, असें त्यानें स्वप्नांतहि सांगितलें नसतें. आणखी एक मुलगा त्याच वर्षीं सोळाव्या वर्षीं पेशवाईच्या गादीवर बसला. डोक्यावर कर्ज, घरांत चुलत्याचा कलह, पुढ्यांत हैदर आणि निजाम. पानिपतानंतर दहाच वर्षांनीं, १७७१ सालीं, मराठ्यांचा अंमल पुन्हां दिल्लींत बसला तो या माधवरावांच्या कारकीर्दींत. आणि १७७२ सालीं थेऊरास क्षयानें ते गेले तेव्हां त्यांचें वय होतें सत्तावीस. रणजित देसायांची 'स्वामी' (१९६२) हीच कथा सांगते. धावड्याच्या मुलांनीं 'पुढें काय झालें' म्हणून जें विचारलें, त्याचें उत्तर पानिपतच्या शेवटच्या पानावर नाहीं. तें या दुसऱ्या पुस्तकांत आहे.

तरी पण, हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्या उत्तरापुढेंहि आणखी एक प्रश्न उभाच राहतो. धावड्याच्याच जिल्ह्यांत असई आहे. केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यांत २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेची गांठ आर्थर वेलस्लीशीं पडली. पुढें वॉटर्लूवर नेपोलियनला हरविणारा वेलिंग्टन तो हाच. कंपनीच्या फौजेचे दीड हजारांवर लोक त्या दिवशीं मेले किंवा जखमी झाले. एवढी जबर किंमत तिला पडली ती मुख्यतः शिंद्यांच्या तोफखान्यामुळें. सेनानी दूर गेले, स्वार पांगले, पण गोलंदाज आपल्या तोफा सोडीनात. ते तोफांजवळच संगिनींनीं मारले गेले. कित्येक मेल्याचें सोंग घेऊन पडून राहिले, आणि शत्रु पुढें सरकतांच उठून पाठीमागून त्यांनीं पुन्हां तोफा डागल्या. ही साक्ष आपल्या बखरकारांची नव्हे, शत्रूच्या गोटांतील लेखणींची आहे. त्या गोलंदाजांपैकीं एकाचेंहि नांव आपण मुलांना सांगूं शकत नाहीं. आणि त्या लढाईवर जी कादंबरी जगभर वाचली गेली, ती बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची आहे, 'शार्प्स ट्रायंफ' नांवाची, १९९८ सालची. तिचा नायक अर्थातच इंग्रज शिपाई आहे. यांत कॉर्नवेलचा दोष नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या माणसाची कथा सांगावी. दोष असलाच तर तो, हरलेली लढाई घरांत नको म्हणून पुस्तक मिटून ठेवणाऱ्या आपणां सर्वांचा आहे.

आपल्या भाषेंत वाचणें आणि वांचणें या दोन शब्दांत एका अनुस्वाराचें अंतर आहे. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. याच तालुक्यांत महानुभावांचें 'जाळीचा देव' हें क्षेत्र आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी गांवोगांव हिंडून, ज्यांनीं पाहिलें त्यांना विचारून विचारून, 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. पुढें दिल्लीच्या फौजांच्या धामधुमींत ती मूळ पोथी नाहींशी झाली. यादवांचें राज्य बुडालें होतें, पंथाची माणसें रानोमाळ झालीं होतीं. तेव्हां ज्यांना ज्यांना जें आठवत होतें त्यावरून ती पुन्हां उतरवून काढण्यांत आली. आणि त्या पाठांपैकीं एक हिराइसा नांवाच्या स्त्रीच्या स्मरणशक्तीवर उभा आहे. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ आज आपल्या हातीं आहे, तो अशा आठवणाऱ्या माणसांमुळें. राज्य वांचलें नाहीं, पण तोंडीं राहिलेली गोष्ट वांचली, आणि म्हणून आज ती वाचतां येते.

आतां आमच्या भगिनींना आमचें उत्तर सांगतों. आजीबाईंचा मान राखावा. दिवेलागणीची वेळ त्यांची आहे. त्या वेळीं त्यांच्या मनाविरुद्ध एक अक्षरहि वाचूं नये. 'पानिपत' टाकून मात्र देऊं नये. दुपारीं, सुटीच्या दिवशीं, मोठ्या मुलांना घेऊन तें पुरें करावें, आणि त्याच्या पाठोपाठ 'स्वामी' घ्यावी, म्हणजे मुलांच्या मनांत गोष्ट पराभवाच्या मैदानावरच थांबून राहणार नाहीं. अगदीं लहानांना आणखी दोन-तीन वर्षें थांबूं द्यावें. रडण्याची घाई नको.

दुसरें असें कीं, दुर्दिनांच्या कथा सांगतांना अर्धी सांगूं नये. रझाकारांनीं जें केलें तें सांगावें. आणि सप्टेंबरांतील विजयानंतर संस्थानांतील कित्येक ठिकाणीं निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला, तेंहि सांगावें. भारत सरकारनें धाडलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें त्याच सालाच्या अखेरीस संस्थानांत हिंडून तें नमूद केलें आहे. ज्या कथेनें फक्त आपलेंच रडें ऐकूं येतें, ती कथा धैर्य देत नाहीं, केवळ डूख देते. आजीबाईंच्या आईनें त्या रात्रीं किल्ली कोणाच्या हातीं दिली होती, हें धाकट्या दिरांनीं विसरूं नये.

तिसरें, आणि आमच्या मतें मुख्य. ज्या घरांत पानिपताच्या वाचनावरून वाद झाला, त्या घरांत एक अलिखित ऐतिहासिक कादंबरी कोपऱ्यांत माळ ओढीत बसलेली आहे, याचा कोणास विचारच सुचला नाहीं! आजीबाईंना अडीचशेंहून अधिक वर्षांपूर्वींची गोष्ट सोसवत नाहीं. कारण ती ऐकतांना त्यांना बैलगाडीच्या चाकांचा आवाज ऐकूं येतो. त्यांना हट्टानें बोलतें करूं नये. आजी, तेव्हां काय काय अत्याचार झाले, असें तर मुळींच विचारूं नये. कोणी जवळ बसून लहान गोष्टी विचाराव्या. बैलांचीं नांवें काय होतीं? पाऊस होता कीं उघडीप होती? आईनें बरोबर भाकरी बांधून घेतल्या होत्या काय? ज्या दिवशीं त्या बोलतील त्या दिवशीं ऐकावें, गप्प बसतील त्या दिवशीं आपणहि गप्प बसावें, आणि रात्रीं एखाद्या साध्या वहींत तारीख घालून तें लिहून ठेवावें. त्या वर्षीं जीं मुलें होतीं तीं आज पंच्याऐंशी-नव्वदीच्या घरांत आहेत. असईच्या गोलंदाजांना विचारणारें कोणी उरलें नाहीं. येथें अजून उरलें आहे.

आम्हीं ऐतिहासिक कादंबऱ्या पुष्कळ वाचल्या. लढायांचीं वर्णनें, दरबारचे देखावे, वीरांचीं भाषणें कांहीं आठवतात, कांहीं विसरलीं. पण पळून जाण्याच्या रात्रीं दुधाला विरजण लावून ठेवणाऱ्या बाईसारखें पात्र आम्हांला एकाहि कादंबरींत भेटलें नाहीं. विरजण लावणारा मनुष्य सकाळ होणार असें धरून चालतो. त्या माउलीला परत येण्याची खात्री होती म्हणावें, तर तिनें मुलांना गाडींत कशाला घातलें असतें? खात्री नव्हती म्हणावें, तर दही कोणासाठीं? घर सोडीत असतांहि तिनें घरचा क्रम मोडला नाहीं, एवढें खरें. आशा या शब्दाचा याहून स्पष्ट अर्थ आम्हांला तरी सांगतां येणार नाहीं.

म्हणून आमच्या भगिनींना एकच विनंति. सवड पाहून, आजीबाईंची मर्जी पाहून, त्यांना विचारा कीं, घरचीं माणसें परत आलीं तेव्हां किल्ली कोणीं आणून दिली, आणि फडताळांतल्या त्या दह्याचें पुढें काय झालें. जें उत्तर मिळेल तें आम्हांस कळवावें. आम्ही वाट पाहत आहों.